हजेरीचा कागद

मालनने पाकीट उपडं करून पुन्हा झटकलं. आत बोट घालून कोपरेही चाचपले. प्रवेशपत्रं तीस. वर्गातली माणसं एकतीस.

"सर, माझं नाय आलं."

ॲन्सेल्म सर अभ्यासकेंद्राचे प्रमुख. मान वर न करताच ते म्हणाले, "असेल हो मालनबाई. चिकटलं असेल दुसऱ्याला."

"तीनदा बघितलं, सर."

मग सरांनी सोबतची यादी काढली. एकतिसाव्या नावापुढे लाल शाईत लिहिलं होतं : अपात्र. हजेरी शून्य.

"शून्य?" सर हसलेच. "एक वेळ माझी शून्य होईल, तुमची कशी होईल?"

त्यांचं खरं होतं. विद्यापीठाने ग्रंथालयाचा हा वर्षभराचा अभ्यासक्रम काढला होता तोच मुळी वय झालेल्या, पोटामागे लागलेल्या माणसांसाठी. वयाची अट नाही, वर्ग फक्त रविवारी, पुस्तकं घरपोच. प्रात्यक्षिकांमुळे पंचाहत्तर टक्के हजेरी मात्र हवी. विरारच्या ज्या शाळेत हे वर्ग भरत, त्याच शाळेत मालन सतरा वर्षं शिपाई होती. रविवारी साडेसातला कुलूप उघडायची, झाडून घ्यायची, माठ भरायची, घंटा द्यायची आणि पदराला हात पुसत शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. साडेदहाला पुन्हा चहासाठी उठायची. मोठ्या माणसांची सोय केली होती खरी, पण मोठ्या माणसांना चहा लागतो आणि तो करणारीही वर्गातच बसलेली असते, हे सोय करणाऱ्यांच्या डोक्यात कुठून येणार?

शाळेचे ग्रंथपाल श्रीरंगसर मे महिन्यात निवृत्त होणार होते. संस्थेच्या चिटणीसांनी मालनला चारचौघांत सांगितलं होतं, "प्रमाणपत्र आण, जागा तुझी." बाहेरून बारावी झालेली त्रेचाळीस वर्षांची ती बाई त्या दिवशी घरी गेली ती जवळजवळ पळतच. वर्षभर भाकऱ्या थापताना तिने वर्गीकरणाचे आकडे पाठ केले. पुस्तकांची कार्डं तर ती अशी लिहायची, की सर ती वर्गात फिरवून दाखवत.

सरांनी कपाटातून हजेरीच्या कागदांच्या प्रती काढल्या; मूळ कागद दर महिन्याला विद्यापीठाकडे जात. जून, जुलै, ऑगस्ट. एकतिसावी ओळ सगळीकडे कोरी. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"अहो, सही का नाही केलीत? हा कागद बाकाबाकावर फिरवायचात तर तुम्हीच!"

"सकाळी हापिसात करते ना, शिपायांच्या हजेरीपटावर. येका दिवशी दोन ठिकानी सही कशी करू? काळूरामची नोकरी तशीच गेली ना, सर."

काळूराम म्हणजे तिच्या आधीचा शिपाई. शाळेत सही करून त्याच दिवशी दुसरीकडेही रोजंदारीची सही करायचा. पकडला गेला आणि घरी बसला. मालन त्याच्या जागी लागली, तेव्हा हेडबाईंनी तिला पहिली ताकीद दिली ती हीच. सतरा वर्षं तिने ती देवासमोर घेतलेल्या शपथेसारखी पाळली. वर्गातला कागद सगळ्यांच्या हाताखाली धरला, पेन नाही त्याला पेन दिलं, गोळा करून सरांना नेऊन दिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"तुमी बघत व्हता ना मना समोर," ती म्हणाली. "मना वाटलं, तेवढं पुरे."

सर प्रामाणिक माणूस. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून विद्यापीठाच्या विभागीय केंद्रावर गेले. संध्याकाळी परत आले, तेव्हा मालन मुलांच्या मुतारीत फिनेल टाकत होती. सर दारातच उभे राहिले.

"मी लिहून देतो म्हटलं, ही बाई दर रविवारी हजर होती. त्यांनी माझेच कागद माझ्यापुढे टाकले. प्रत्येकाच्या खाली माझी सही. सही नाही तो गैरहजर, असं छापलेलं, आणि त्याखाली मी." सरांनी चौकटीला हात टेकला. "मी वाचतच नव्हतो, मालनबाई. तुम्ही आणून द्यायचात आणि मी सही ठोकायचो."

"शाळेचा हजेरीपट दाखवला तर? त्यात हाय मी दर रविवारी."

"तेही विचारलं. म्हणाले, ड्यूटीवर होती म्हणजे वर्गात नव्हती. आणि वर्गात होती म्हणावं, तर रविवारच्या ड्यूटीच्या बदल्यात शाळेकडून घेतलेल्या सुट्ट्यांचं काय? खोटी हजेरी म्हणून शाळाच तुम्हाला मेमो देईल."

मालनने बादली खाली ठेवली. दोन्हीकडून दार बंद झालं होतं आणि दोन्ही कुलपं तिने आपल्याच हाताने लावली होती.

"पुढल्या वर्षी नव्याने बसा, म्हणतात," सर हळूच म्हणाले.

जागा जूनमध्ये भरायची होती. हे दोघांनाही माहीत होतं. मालनने बादली पुन्हा उचलली.

परीक्षा त्याच शाळेत झाली. पाणी द्यायची ड्यूटी मालनकडेच होती. तिसऱ्या बाकावर उन्नती बसली होती. स्टेशनजवळच्या नव्या फ्लॅटमध्ये लग्न होऊन आलेली, मालनला मावशी म्हणणारी. कार्ड कसं लिहायचं ते मालननेच तिला रविवारच्या वर्गात चहाच्या सुट्टीत शिकवलं होतं. ती पेन चावत प्रश्नपत्रिकेकडे बघत बसली होती. पाणी ठेवता ठेवता मालनची नजर त्या प्रश्नावर गेली. उत्तर तिला तोंडपाठ होतं. अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं, रिकामा ग्लास उचलला आणि पुढच्या बाकाकडे गेली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हेडबाईंनी सूचनावही तिच्या हातात दिली. नवीन ग्रंथपाल म्हणून उन्नती मॅडम रुजू झाल्या आहेत, सर्वांनी नोंद घ्यावी. मालनने वही वर्गावर्गातून फिरवली. शिक्षक वाचत, सही करत, तिच्याकडे बघायचं टाळत. शेवटी ती ग्रंथालयात आली.

उन्नती कार्डांचा खण उघडून उभी होती. पुढची दोनेकशे कार्डं मालनच्या अक्षरातली, रविवारच्या प्रात्यक्षिकांत लिहिलेली. सूचना वाचून तिचे डोळे भरले.

"मावशी, मी अर्ज करणार नव्हते. घरचे म्हणाले..."

"करायचाच. नाय तर दुसरं कोन आलं असतं." मालनने वही तिच्यापुढे धरली. "खालचा खन जरा अडकतो. वर उचलून ओढायचा."

उन्नतीने कशीबशी सही केली आणि वही मिटायला गेली. मालनने पानावर बोट ठेवलं.

"तारीख टाका, मॅडम."

उन्नतीने तारीख टाकली. मालनने ती नीट वाचून पाहिली, वही काखेत मारली आणि मधल्या सुट्टीची घंटा द्यायला निघाली.