अकरा वेळा मिटवलेली तक्रार

आमच्या अमृत सरांना एका गोष्टीचा फार अभिमान. सावेडीतल्या आमच्या कंपनीत माणसं नऊ आणि उघड्या तक्रारी शून्य. दिवाळीपूर्वी एकशे चाळीस होत्या. त्यातल्या किती खरंच सुटल्या, असं विचारलं की सर नवा तक्ता दाखवतात.

आम्ही साखर कारखान्यांसाठी ऊसतोडणीचं सॉफ्टवेअर बनवतो. कुणाच्या शेतात टोळी कधी जाणार, ते त्यात ठरतं. काही बिघडलं की कारखान्याची माणसं ॲपवरून तक्रार करतात आणि ती आमच्या कोडच्या रिपॉझिटरीत नोंदली जाते. या तक्रारी आधी मी वाचायचे. मग सरांनी एक एआय एजंट आणून बसवला आणि त्याचं नाव ठेवलं कारभारी. तो तक्रार वाचणार, उत्तर देणार, माणसाचं समाधान झालं की ती बंद करणार. समाधान झालं हे कशावरून ओळखायचं, त्याची यादी तेवढी मी द्यायची होती. दहा मिनिटांत दिली. धन्यवाद, आभारी आहे, काम झालं, आणि जोडलेल्या हातांचं चिन्ह. मोठी हुशार मी.

कारभाऱ्याची भाषा फार गोड. "आपली अडचण आम्ही समजू शकतो. कृपया ॲप बंद करून पुन्हा सुरू करावे." कुठलीही तक्रार असो, हेच. सर ते कौतुकानं मोठ्यानं वाचून दाखवायचे, घरात पहिलं पोर बोलायला लागल्यासारखे.

मार्चमध्ये आकडा शून्यावर आला आणि सरांनी पेढे वाटले. त्याच दुपारी श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्याचे मच्छिंद्र ऑफिसात आले. पन्नाशीचा माणूस, शेतकी खात्यात उसाच्या नोंदी ठेवणारा, उन्हातान्हात मोटारसायकलवर आलेला. सरांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"ताई, बनुबाईचा ऊस राहिलाय," ते मला म्हणाले. "दीड एकर. तुमचं ॲप म्हनतंय तुटला. मी सकाळीच बघून आलोय, उभा हाय."

बनुबाई आणि तिचा दीर पुंजाराम, दोघांची शेतं जमिनीच्या एकाच गट नंबरात होती. दोनशे चौदा बाय एक पुंजारामचं, बाय दोन त्याच्या विधवा भावजयीचं, म्हणजे बनुबाईचं. आमचा प्रोग्राम तिरक्या रेघेपुढचं वाचतच नव्हता. पुंजारामचा ऊस तुटला तसा बनुबाईचाही तुटल्याची नोंद झाली आणि टोळी पुढच्या गावाला गेली. ज्या जिल्ह्यात भावाभावांच्या वाटण्या होऊन गटाचे तुकडे झालेत, तिथं आम्ही ती रेघ विसरलो होतो.

"आधी कळवायचं नाही का?" सरांनी विचारलं.

"अकरा बारी कळवलं, साहेब. उद्या सकाळी कारखान्याचा पट्टा पडतोय, हंगाम संपला. यादीत नाव आल्याबिगर टोळी हलत न्हाई. आज नाव आलं तर सांजच्याला तोडून घेतो."

मी रिपॉझिटरी उघडली. अकरा तक्रारी होत्या, अकराही बंद. मच्छिंद्रांनी लिहायचं, कारभाऱ्यानं ॲप बंद करून सुरू करायला सांगायचं, मच्छिंद्रांनी हात जोडायचे आणि कारभाऱ्यानं शेरा मारायचा: ग्राहक समाधानी. साहेबाचा निरोप आला आणि उत्तर दिलं नाही, हे आमच्याकडच्या माणसांना जमत नाही. पोचलं, बघतो, करतो, सगळ्याला हातच जोडले जातात. माझे वडील वीज जाणार असल्याच्या मेसेजलाही जोडतात. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते चिन्ह यादीत मीच घातलं होतं.

दुरुस्ती एका ओळीची. चौदा मिनिटांत केली. कोडमधला बदलही आता कारभाऱ्याच्या मंजुरीनंच जायचा. त्यानं ती परत पाठवली: या दुरुस्तीशी संबंधित एकही उघडी तक्रार नाही.

"मग नवी तक्रार उघडते," मी म्हणाले.

"आज नको," सर म्हणाले. "संध्याकाळी कंपनीत पैसे घालणाऱ्या पुण्याच्या पार्टीला शून्य दाखवायचंय. उद्या सकाळी पहिलं काम ते कर. एका दिवसानं काय होतंय?"

पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. घातला नाही. तक्रारही उघडली नाही. मच्छिंद्रांना म्हणाले, "करते मी." त्यांनी पेढा माझ्या टेबलावर ठेवला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाईचं नाव यादीत आलं. तोवर कारखान्याचा पट्टा पडला होता आणि टोळ्या बिऱ्हाडं भरून आपापल्या गावांना निघाल्या होत्या. मी मच्छिंद्रांना लांबलचक मेसेज लिहिला. तुमच्या तक्रारींना उत्तरं माणूस नव्हे, यंत्र देत होतं, चूक माझी आहे, माफ करा, असं स्पष्ट लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर आलं. जोडलेले हात.

मी फोन लावला.

"बनुबाईंचं काय झालं?"

"त्यांनी उसात जनावरं सोडली. काय करनार."

"मच्छिंद्रभाऊ, तुम्ही मला हात कसले जोडता? शिव्या द्या."

"शिव्या काय द्यायच्या, ताई," ते म्हणाले. "मला वाटलं, तिकडं बी कुनीतरी मानूसच बसलाय."