दादाच्या पेशींची राखणदार

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे, पण पाण्याची नव्हे हं. माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन असतो. तो इतका थंड, की त्यात रक्तातल्या पेशी वर्षानुवर्षे जिवंत राहतात. पोट गरगरीत, मान बारीक, अंगावर दोन पोचे. कारखान्यातून निघाले तेव्हा मात्र मी चांगली लखलखत होते.

रुग्णालयाच्या तळघरात मला सांभाळणाऱ्या ताई दर सोमवारी माझ्यात लाकडी पट्टी बुडवत. पट्टीवर जिथवर हिम साचे, तिथवर नायट्रोजन. कमी दिसला की लगेच भरत.

पुढे विजेवर चालणारे नवे कपाट आले आणि पेशींच्या सगळ्या पिशव्या तिकडे गेल्या. एक छोटी पिशवी मात्र यादीतच नव्हती, ती माझ्यातच राहिली. रक्ताच्या आजारावर उपचार म्हणून नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या दादाच्या, नवे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी दिल्या होत्या. त्याच्याच थोड्या पांढऱ्या पेशी या पिशवीत होत्या. चिठ्ठीवर लिहिले होते, ‘जादा’.

“एका पिशवीसाठी ही ढब्बी कशाला भरत बसता? टाकून द्या,” रुग्णालयाचे साहेब ताईंना म्हणाले.

“मुलगी अजून औषधांवर आहे, साहेब. ती बरी होईपर्यंत मी काही टाकणार नाही.”

ढब्बी म्हटल्याचा मला राग आला, पण ताईंचा फार अभिमान वाटला.

तीन महिन्यांनी मुलीच्या मानेत गाठी आल्या. ताप हटेना. डॉक्टरांनी तिच्या आईला समजावले, “दादाच्या पेशी आणि तिचं शरीर यांचं जमावं म्हणून आपण प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवली. ती संधी साधून एका विषाणूने काही पेशी बेसुमार वाढवल्या. औषधं कमी केली, इंजेक्शनं दिली, तरी गाठी जात नाहीत. आता दादाच्या पांढऱ्या पेशीच त्यांना आवरतील.”

“मग घ्या ना त्याचं रक्त.”

“त्याला कांजिण्या झाल्यात. आत्ता घेता येणार नाही, आणि थांबायला वेळ नाही.”

निरोप तळघरात आला तेव्हा ताई एवढेच म्हणाल्या, “पिशवी आहे.” माझी छाती फुगलीच असती, पण पत्र्याला ते कुठे जमते.

पिशवी कोमट पाण्यात धरून आतल्या पेशी वितळवल्या आणि मुलीला शिरेतून दिल्या. महिनाभरात गाठी विरल्या. एक दिवस ती मुलगी तोंडाला मास्क लावून खाली आली आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाली, “दादा यात होता?”

“थोडासा,” ताई म्हणाल्या.

मित्रांनो, आता मी रिकामी आहे. मला भंगारात काढायची बोलणी चालू आहेत, चालू देत. पण कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू त्याची गरज संपेपर्यंत जिवापाड सांभाळा. मी सांभाळली.