परीक्षा नसलेला वर्ग

जामबागेतल्या कॉलेजसमोर भामा ऑटोतून उतरली, तेव्हा केशवराव रस्त्यापलीकडच्या उसाच्या रसाच्या गाडीआड उभे होते. तिनं पदर सारखा केला आणि मागं न बघता ती फाटकातून आत शिरली. वॉचमननं तिला हसून नमस्कार केला. केशवरावांना तेही खटकलं. एवढी ओळख म्हणजे येणं बरंच मुरलेलं दिसतंय.

"साब, पीते नै क्या? गरम होरा," रसवाला म्हणाला.

त्यांनी ग्लास तसाच परत केला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा भाजी चिरता चिरता भामा म्हणाली होती, "उद्यापासून दुपारी कॉलेजात जाणार आहे. मोठ्या माणसांसाठी वर्ग असतो तिथं."

"कसला वर्ग? परीक्षा असते?"

"नाही."

"सर्टिफिकेट तरी?"

"तेही नाही."

"मग कशाला जायचं?"

तिनं कढईत मोहरी टाकली आणि त्या तडतडीत उत्तर राहून गेलं.

तेव्हापासून केशवरावांचं मन थाऱ्यावर नव्हतं. गौलीगुड्यात पंपाच्या सुट्या भागांचं दुकान त्यांनी उभी हयात चालवलं होतं; खरं गिऱ्हाईक कोणतं आणि नुसता चौकशा करणारा कोण, ते त्यांना दारातच कळायचं. पण बायकोचा अंदाज लागत नव्हता. फोन आला की ती बाल्कनीत जाई. स्वयंपाकघरात स्वतःशी काहीतरी पुटपुटे आणि यांची चाहूल लागली की गप्प होई. काय शिकवतात म्हणून विचारलं, तर "असंच, बोलायचं वगैरे," एवढंच.

शेवटी त्यांनी कॉलेजात फोन लावला. कारकून म्हणाला, "आमच्याकडे डिग्रीची मुलं शिकतात, सार. भामाबाई म्हणून कोणी पटावर नाही."

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. बरकतपुऱ्यात त्यांच्याच गल्लीतली एक बाई अशीच दुपारच्या प्रवचनांना जाता जाता घर कोणा महाराजाच्या नावावर करून बसली होती. ती भीती होतीच. पण तिच्याखाली दुसरी एक होती, ती त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. दिवाळीत क्षुल्लक कारणावरून भांडण झालं, तेव्हा भामा शांतपणे म्हणाली होती, "मला उदगीरला भावाकडे जाऊन राहावंसं वाटतं." नंतर तिनं तो विषय काढला नाही. तिला कोणी सल्ला तर देत नसेल?

आता भामाच्या मागोमाग ते फाटकातून आत आले, तेव्हा कॉलेजच्या व्हरांड्यात सामसूम होती. टोकाच्या खोलीतून एका बाईचा आवाज येत होता, अडखळत, थांबत. केशवराव दाराशी आले आणि थबकले. आवाज भामाचा होता. शब्द मात्र तिचे नव्हते.

ती तेलुगू बोलत होती.

ते मागं सरणार, तोच फळ्याजवळच्या तरुण शिक्षिकेनं त्यांना पाहिलं.

"कोत्तगा वच्चारा? नवीन आलात? या, बसा की. कॉलेजच्या पटाशी आपला काही संबंध नाही. ज्याला शिकायचंय, त्यानं यायचं."

पाचदहा माणसांनी वळून पाहिलं. भामानंही पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू नेहमीसारखा झाला. केशवराव मागच्या बाकावर जाऊन बसले.

"भामागारू, पुढं बोला," शिक्षिका म्हणाली. "नवीन माणसालाही तुमची ओळख होईल."

भामा फळ्याकडे बघत बोलू लागली. तिचं तेलुगू मोडकंतोडकं होतं, पण केशवरावांना शब्दन् शब्द कळत होता. "माझं नाव भामा. गाव उदगीर. घरात मुलगा, सून, नात. सून तुमच्याकडची आहे, भाग्यलक्ष्मी. चांगली आहे." ती थांबली, शब्द शोधू लागली. "जेवताना सगळे तेलुगूत बोलतात. खूप हसतात. मी विचारते, काय झालं? आमच्या घरात एक जण आहेत, ते म्हणतात, काही नाही, तू वाढ."

वर्ग हसला. शिक्षिकाही हसली. "मग तुम्ही काय करता?"

"वाढते," भामा म्हणाली.

केशवरावांनी बाकावर कोणीतरी कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"आता तुम्ही," शिक्षिका त्यांच्याकडे वळली. "थोडं येतं का तेलुगू? येत असेल तर या वर्गात तुम्हाला कंटाळा येईल."

केशवराव उठले. याच भाषेत त्यांनी गिऱ्हाइकांशी घासाघीस केली होती, विहिणीशी लग्नाची बोलणी केली होती. भामा समोर बघत होती. तिची मान ताठ झाली होती.

"नेनु..." ते म्हणाले. "नेनु तेलुगू रादु."

मग भामा हळूच वळली.

"नेनु नाही," ती म्हणाली. "नाकु. आपल्यात कसं, मी येत नाही असं म्हणत नाही, मला येत नाही म्हणतो. तसंच."

"नाकु तेलुगू रादु," केशवराव म्हणाले.

"हां," म्हणून ती परत फळ्याकडे वळली.

वर्ग सुटल्यावर ते फाटकाशी थांबले. ती बरोबरीच्या बायकांशी बोलत बाहेर आली, त्यांना निरोप दिला आणि मग यांच्यासमोर उभी राहिली. डोक्यापासून पायापर्यंत तिनं त्यांना न्याहाळलं. दारात आलेल्या अनोळखी माणसाला न्याहाळावं, तसं.

"चष्मा आणला नाहीत?"

"नाही."

"परवा आणा. अक्षरं गिरवायला लावणार आहेत." ती रस्त्याकडे वळली. "मला सगळी येतात. तुम्हाला पहिल्यापासून काढावी लागतील."

ती रागावली होती की हसू दाबत होती, ते त्यांना पाठमोऱ्या तिच्याकडे बघून कळेना. कोठीच्या बाजारातल्या गर्दीतून ती वाट काढत पुढं निघाली होती. केशवरावांनी पावलं उचलली.