परस्पर दिलेला होकार

ब्रेकबाईंनी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली होती. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो त्या उठसूट दाबत, म्हणून कुणा टवाळानं हे नाव ठेवलं आणि पुढं भलेभलेही त्यांना त्याच नावानं हाक मारू लागले. नवरा गेल्यावर ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी एकटीनं चालवलं. कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण आपल्या बाबतीत कुणाची लुडबुड खपवून घ्यायची नाही, असा त्यांचा खाक्या.

अंघोळ करताना छातीतली गाठ हाताला लागली तेव्हा मात्र त्या काही दिवस मूग गिळून बसल्या. मग सुनेच्या कानावर घातलं. सुनेनं मुलाला सांगितलं आणि मुलानं सगळा कारभार हातात घेतला. पोरगा काळजी करणारा होता, यात शंका नाही. मोठं हॉस्पिटल लांब, जायला अर्धा दिवस मोडायचा, म्हणून त्यानं व्हिडिओवर तपासणी ठरवली. तुला काही करायचं नाही, नुसतं समोर बसायचं, असं त्यानं आईला सांगितलं.

त्या बसल्या. खोलीचा पडदा ओढलेला, सुनेच्या हातात फोन, मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा. फोनवर दिसणारे डॉक्टर चाळिशीतले, सौम्य बोलणारे. पण विचारत होते ते मुलाला. त्यांना भूक लागते का? वजन उतरलंय का? ब्रेकबाई उत्तर द्यायला तोंड उघडायच्या, तोवर भिंतीकडून उत्तर गेलेलं असायचं. दोनदा त्यांनी मध्ये बोलून पाहिलं. डॉक्टर हसून म्हणाले, "हो हो, आजी," आणि पुन्हा मुलाशी बोलू लागले.

मग डॉक्टरांनी कपडा बाजूला घ्यायला आणि हात वर करायला सांगितलं. बाईंनी डोळे मिटून तेही केलं. सून फोन जवळ नेत होती, इतक्यात फोनमधून कुणीतरी शिंकलं. डॉक्टर काही शिंकले नव्हते.

"कोण आहे तिथं?" बाईंनी विचारलं.

शिकाऊ डॉक्टर आहेत, सहा-सात जण, असं डॉक्टरांनी सहज सांगितलं. तशी संमती आमच्याकडे आहे म्हणाले.

"कुणाची?"

डॉक्टरांनी खाली बघून वाचलं. "तुमच्या मुलाची. रुग्णाला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत, अशी नोंद आहे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि मुलाकडे पाहिलं. तो वळला होता, पण नजर देत नव्हता. संमतीसाठी तुझ्या फोनवर नंबर आला असता, तो तू मला सांगायचास, त्यात वेळ गेला असता, असं काहीबाही तो बोलू लागला. त्यापेक्षा फॉर्मवर 'रुग्णाला निर्णय घेता येत नाहीत' यापुढं एक खूण केली की सरळ पुढं जाता येत होतं. सगळे तेच करतात.

"सगळे आपली आई खुळी आहे म्हणून लिहून देतात?"

तिकडे खुर्च्या सरकल्या, दार लागलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी शिकाऊ मंडळींना बाहेर घालवलं, आपण आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं हे कबूल केलं आणि पुढं तपासू का, असं आता विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. सुनेनं फोन बंद केला.

मग मुलाचा पारा चढला. इतकी खटपट केली, ती कुणासाठी? जिवापेक्षा मान मोठा आहे का?

"गाठ माझ्या अंगात आहे. ती कुणाला दाखवायची ते मी ठरवणार. गाठ काय करेल ते पुढं बघू. तू तर मला आजच माणसातून उठवलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी काढली. येतेस का, एवढंच सुनेला विचारलं. ती आली.

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि बाईंना ओलांडून सुनेला विचारलं, "यांच्या वतीनं सही कोण करणार?" आता गाडी चालवून आले ती मीच, असं बाईंनी सांगितलं. पण नोंद बदलायला डॉक्टरांचा दाखला लागत होता. बाईंना एका खोलीत बसवून आज वार कोणता, शंभरातून सात वजा केले तर किती, असली उत्तरं द्यायला लावली. उत्तरं त्यांनी सगळी बरोबर दिली. पोरानं एका बोटानं जे काढून घेतलं, ते परत मिळवायला त्यांना परीक्षा द्यावी लागत होती.

व्हिडिओवरच्या त्याच डॉक्टरांनी या वेळी सगळं त्यांनाच विचारलं. शिकाऊंपैकी कुणी थांबलं तर चालेल का, हेही विचारलं.

"शिंकलं ते कोण?"

दारातली एक मुलगी लाजेनं अर्धी झाली.

"हिला राहू दे. हिच्यामुळं कळलं तरी. बाकी कुणी नको."

गाठ वाईटच निघाली, पण लहान होती, लवकर सापडली होती. ऑपरेशनच्या कागदांवर बाईंनी स्वतः सह्या केल्या. आपण शुद्धीवर नसलो तर कुणाला विचारायचं, त्या जागी सुनेचं नाव घातलं. मुलगा शेजारीच उभा होता. त्यानं ते वाचलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर पुढची तपासणी व्हिडिओवर चालेल का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या चालेल म्हणाल्या. नंबर त्यांच्याच फोनवर आला. मुलाला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं, आणि तो थांबला.

संध्याकाळी तो पलंगाच्या कडेला येऊन बसला. बराच वेळ पांघरुणाच्या सुरकुत्या सारख्या करत राहिला. मग म्हणाला, "आई, अजून रागावली आहेस?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्याच्याकडे पाणी मागितलं.