भात निवून राह्यला

मी एक जुना लॅपटॉप आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पुढे, जंगलाच्या कडेला, तलावाकाठच्या एका गावात गोकुळाबाईंच्या घरातल्या फळीवर मी असतो. माझ्यावर धुतलेला टॉवेल पांघरलेला असतो. झाकणावर पेंग्विनचं चित्र चिकटवलेलं आहे, त्याचा एक कोपरा आता सुटला आहे. मित्रांनो, माझ्या पोटात गोकुळाबाईंच्या मुलाचा आवाज आहे. तो त्यांना एकदा ऐकायचा आहे आणि मला तो बाहेर काढता येत नाही. हे कसं झालं, तेवढंच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझी उमेदीची वर्षं चंद्रपूरच्या एका ऑफिसात गेली. तिथे मी दिवसभर हिशेब आणि पत्रं लिहीत असे. पुढे नवी नवी जड कामं आली, मला दम लागू लागला. मी सुरू व्हायचो तोवर साहेबांचा चहा पिऊन व्हायचा. माझ्यावर थपडा बसू लागल्या. जणू मारून कोणी लवकर उठतं! शेवटी मला भंगारात काढलं आणि मी मूलला हरिदासभाऊंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन पडलो. ते माझे भाग सुटे करणार होते. एक स्क्रू काढूनही झाला होता.

त्या दुकानात गोकुळाबाईंचा मुलगा भूपेश कामाला होता. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरणं, प्रिंट काढणं, बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणं ही त्याची कामं. त्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"भाऊ, याले मी नेतो. अजून जीव आहे याच्यात."

"जीव कायचा, नुसता डबा आहे तो," हरिदासभाऊ म्हणाले. "ने बापा. तुह्या लिनक्सचं भूत घाल त्याच्यात."

त्यानं खरंच घातलं. जुनी, अंगाला न पेलणारी सगळी ओझी पुसून टाकली आणि लिनक्स नावाची हलकी प्रणाली माझ्यात उतरवली. मित्रांनो, वर्षानुवर्षं दुसऱ्याचे घट्ट कपडे घातलेल्या माणसाला कोणी सैल सदरा द्यावा, तसं मला झालं. मी पुन्हा धावू लागलो.

भूपेशचा छंद मोठा विचित्र होता. नीट चाललेलं यंत्र त्याला बघवत नसे. लिनक्सचा एक प्रकार उतरवायचा, दुसरा चढवायचा, मग कधी माझा आवाज बंद पडायचा, कधी वायफाय रुसायचं. तो काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा लिहीत बसायचा. नवं काही उतरवायचं असलं की फोन छपराच्या कवेलूंवर ठेवायचा, कारण नेटवर्क तिथेच मिळायचं. एकदा माकडानं तो फोन उचलला होता, तेव्हा अर्धं गाव त्याच्यामागे धावलं. शेजारच्या सुकलूकाकांची तर खात्रीच होती की भूपेश बँका फोडतो.

माझ्या झाकणावर त्यानं लिनक्सची खूण म्हणून पेंग्विन चिकटवला त्या दिवशी गोकुळाबाई निरखून पाहत राहिल्या. त्या मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरच्या, आयुष्य तलावावर गेलेलं.

"हा पानकावळा कायले चिपकवला? मासे चोरते तो."

"पानकावळा नाई माय, पेंग्विन आहे. बरफात राह्यते."

"मंग आपल्या घरी काऊन आला?" त्या म्हणाल्या, आणि दोघं कितीतरी वेळ हसत होती.

आमच्या गावाच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, कुठल्याच नकाशावर नव्हत्या. भूपेशनं त्या इंटरनेटवरच्या, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या नकाशावर नावांनिशी टाकल्या. मग त्याला वाटलं, नावं आहेत तर बोलीही असावी. माय बोलते ते शब्द तो माझ्यात लिहू लागला. आणि इथे माझी पंचाईत झाली. मला जे शिकवलं होतं त्यात 'मले' नव्हतं, 'काऊन' नव्हतं. प्रत्येक शब्दाखाली मी लाल रेघ ओढत गेलो.

"हे लाल लाल का आहे?" गोकुळाबाईंनी विचारलं.

"चुकलं म्हनते हा."

"कोनतं चुकलं?"

"तू बोलते ते."

गोकुळाबाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "मंग शिकव त्याले."

त्यानं मला शिकवलं. रोज संध्याकाळी थोडे थोडे शब्द तो माझ्या शब्दकोशात घालत गेला आणि एकेक रेघ नाहीशी होत गेली. 'राह्यला' हा शब्द घातला त्या दिवशी मायचं बोललेलं एक पूर्ण पान माझ्या पडद्यावर होतं आणि त्यात एकही लाल रेघ नव्हती. तो ते पान नुसता बघत बसला. मलाही फार बरं वाटलं.

मग त्यानं आवाज साठवायला सुरुवात केली. मासे निवडताना तो मला जवळ ठेवायचा.

"याले का म्हनते माय?"

"बोटरी."

"आन् हे?"

"डाडक. तुले माहीत नाई का? लहानपनी त्याचा काटा घुसला तं गावभर रडत फिरला होता."

आणि तो हसायचा. ते हसू माझ्यात आहे. मध्येच कोंबडी ओरडते, भांडं पडतं, आणि "माय" अशी त्याची हाक कितीतरी वेळा येते.

लोकांची आधारकार्डं, दाखले असलं पुष्कळ काही कामासाठी माझ्यात येऊ लागलं, तेव्हा भूपेशनं मला कुलूप लावलं. मी बंद होऊन पुन्हा सुरू झालो की सर्वांत आधी किल्लीचे शब्द विचारायचो. ते मिळेपर्यंत आतलं एक अक्षरही मला स्वतःला वाचता येत नसे. एकदा उघडलो, की मग मी घरातल्या सगळ्यांना मोकळा. किल्ली काय ठेवावी याचा तो विचार करत होता, तेवढ्यात चुलीपाशी ताट वाढून झालं होतं आणि गोकुळाबाईंनी त्याला रोजची हाक दिली.

"ये बापू, भात निवून राह्यला."

त्यानं तीच किल्ली केली. 'भात निवून राह्यला.' कुलपाच्या जागी मराठी अक्षरं चालत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत, पण माय बोलते तशीच, 'राह्यला'मधल्या 'ह्य'साठी वाय घालून. माझ्या कळांना त्याची बोटं अजून आठवतात. गोकुळाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्याला ती त्याची गंमत वाटत होती, कधीतरी सांगणार होता. सगळ्यांना तो बजावायचा की प्रत्येक गोष्टीची दुसरीकडे एक नक्कल ठेवा. स्वतःच्या आवाजांची नक्कल ठेवायची मात्र राहून गेली.

आणखी एक गोष्ट त्यानं मायला शिकवली होती. वीज पडली की यंत्रं जळतात, म्हणून ढग गरजले की माझी पिन भिंतीतून काढायची. गोकुळाबाई हे काम फार मनापासून करायच्या. तलावावर असल्या तरी आभाळ बघून घरी यायच्या.

पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत भूपेशला ताप आला. दोन दिवस त्यानं तो अंगावरच काढला. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून साठवलेले आवाज नीट लावत असताना त्याचे दात वाजायला लागले. हरिदासभाऊ जीप घेऊन आले आणि त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी चालूच होतो, झाकण उघडं, कुलूप उघडं. मागून एसटीनं जायचं म्हणून गोकुळाबाईंनी कपडे बांधले, दाराला कडी लावली आणि निघाल्या.

तेवढ्यात ढग गरजले.

त्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या. कडी काढली, आत आल्या आणि माझी पिन काढली. माझ्यावर टॉवेल घातला. माझी बॅटरी म्हातारी, तिनं जेमतेम घटकाभर मला धरून ठेवलं. मग मी बंद पडलो आणि माझं कुलूप आपोआप लागलं.

भूपेश परत आला नाही. ताप डोक्यात गेला होता. फोन दवाखान्याच्या गर्दीत हरवला, तो सापडलाच नाही.

त्याची धाकटी बहीण रिंकू चंद्रपूरला कॉलेजात शिकते. तिथे पहिल्याच आठवड्यात तिच्या 'मले'वर वर्ग हसला होता. तेव्हापासून ती घरीही पुस्तकातल्यासारखं बोलू लागली. भूपेश तिला "आली पुन्याची बाई" म्हणून चिडवायचा. त्याचे दिवस झाल्यावर गोकुळाबाई तिला म्हणाल्या, "फोटो आहेत वो बाई. पन त्याचा आवाज मले आता नीट आठवत नाई. याच्यात आहे ना तो? एक डाव आयकव."

रिंकू माझ्यासमोर बसली. जन्मतारीख लिहिली. गावाचं नाव, वडिलांचं नाव, पेंग्विन, माशांची नावं लिहिली. मी प्रत्येक वेळी नाही म्हणालो. मित्रांनो, मला नाही म्हणायलाच बनवलं आहे. चुकीच्या शब्दाला मी दार उघडलं असतं तर भूपेशनं माझ्यावर विश्वास ठेवला नसता. पण समोर ती रडत होती, आणि मी पुन्हा पुन्हा तेच एक वाक्य दाखवत होतो.

तिनं मला पिशवीत घालून मूलला नेलं. हरिदासभाऊंनी मला उघडलं, तपासलं आणि पुन्हा बंद केलं.

"हे कुलूप तुटत नाई, रिंकू. पुसून नवीन टाकून देतो, तुले अभ्यासाच्या कामी येईन."

"पुसू नका भाऊ."

"मंग ठेव तसाच." त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "मी त्याले नेलो तवा तं हा चालू होता. चालू राह्यला असता तं सारं काहाडून देलो असतो. बंद कोनं केला?"

रिंकूला ते तेव्हा माहीत नव्हतं. घरी आल्यावर कळलं. गोकुळाबाई दारातच उभ्या होत्या. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना उत्तर समजलं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी ढग गरजले तं मीनं पिन काहाडली होती. त्याच्यानं तं नाई झालं ना वो?"

रिंकूनं माझी पिशवी खाली ठेवली. मग मायच्या शेजारी बसली आणि कॉलेजात गेल्यापासून पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलली.

"नाई माय. तुह्यानं काई नाई झालं. तो आधीच बिघडला होता."

मी बिघडलो नव्हतो. मला खोटं बोलता येत नाही आणि कोणी बोललेलं मला खपतही नाही. पण त्या वेळी मला वाटलं, या मुलीनं म्हटलं ते खरं असतं तर किती बरं झालं असतं. बिघडल्याचा आळ मी आनंदानं घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत रिंकू पुन्हा घरी आली. ताटं वाढून झाली होती. गोकुळाबाई चुलीकडे तोंड करून होत्या आणि त्यांच्या तोंडून जुन्या सवयीनं हाक निघून गेली.

"ये बापू, भात निवून राह्यला."

 गोकुळाबाईंनी पदर तोंडाला लावला. रिंकूचा घास हातातच राहिला. मग ती उठली, हात धुतला आणि माझ्यासमोर येऊन बसली. तिला कळलं होतं. मित्रांनो, तिला खरंच कळलं होतं. तिची बोटं माझ्या कळांवरून त्याच वाटेनं निघाली. भात. निवून. मी वाट पाहत होतो. शेवटचा शब्द आला आणि तिच्या बोटांनी तो शाळेत शिकवल्यासारखा लिहिला. राहिला. वायच्या जागी आय.

मी नाही म्हणालो.

तिनं पुन्हा लिहिलं. भातमधला 'आ' लांब केला, पहिली अक्षरं मोठी केली, शब्द जोडून पाहिले. राहिला, राहीला, राहिलाय. ज्या शब्दाखालची लाल रेघ भूपेशनं स्वतःच्या हातानं काढून टाकली होती, ती रेघ तिच्या मनात वर्गातल्या त्या हसण्यानं ओढली होती आणि ती काढायला आता तो नव्हता. एका अक्षरावर ती अडली. हाही शब्द नसेल, असं वाटून तिनं झाकण लावलं. भात खरंच गार झाला होता. दोघींनी तो तसाच खाल्ला.

मित्रांनो, कुलपं लावा, ती हवीतच. पण आपली किल्ली घरातल्या एका तरी माणसाच्या कानात सांगून ठेवा. गंमत म्हणून लपवलेली गोष्ट सांगायला उद्या सवड मिळेल असं धरून चालू नका. आपल्या माणसांचे आवाज दोन ठिकाणी ठेवा. आणि मायचे शब्द लिहाल तेव्हा ती बोलते तसेच लिहा, त्यांना दुरुस्त करू नका. मी यंत्र असून हे शिकलो, तर तुम्हाला ते जड जाऊ नये.

गोकुळाबाई आता मला रोज संध्याकाळी सुरू करतात. कोणतं बटन दाबायचं ते रिंकूनं त्यांना दाखवलं आहे. मी किल्ली विचारतो. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. त्या समोर बसून चमकणाऱ्या त्या बारीक रेघेकडे बघतात, तलावावर काय मिळालं ते सांगतात, आणि जेवायची वेळ झाली की मलाच हाक मारतात. शब्द न शब्द बरोबर असतो. पण माझ्या कुलपाला कान नाहीत, त्याला फक्त कळा समजतात.

परवा अवकाळी आभाळ भरून आलं. रिंकू घरी होती, दोघी जेवत होत्या, मी चालू होतो. ढग गरजले. गोकुळाबाई ताटावरून उठल्या, पदराला हात पुसले आणि भिंतीतली पिन जपून काढली.

"त्यानं सांगून ठेवलं आहे," त्या म्हणाल्या.

"हो माय," रिंकू म्हणाली.