आयुष्य मोजणारी काच

तळ्याकाठच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पडद्यावर फोटो उजळला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम "अहाहा!" निघालं. सकाळपासून वाऱ्याने खवळलेलं तळं फोटोत सायीसारखं निवांत पसरलं होतं. ढग आभाळभर लांबले होते. आणि काठावर उभी केलेली चाळीस माणसं? निम्मी गायब, बरीचशी धुरकट, चार-पाच तेवढी लख्ख.

"ही दिव्यकाच!" महाराजांनी कॅमेऱ्यापुढची काळी काच काढून उंच धरली. "जगाचा उजेड अडवते, जिवाचा उजेड तेवढा आत सोडते. ज्याचं आयुष्य बक्कळ, तो लख्ख. ज्याचं सरत आलं, तो धूसर. आणि जो दिसतच नाही, त्याने मला एकट्याने येऊन भेटावं."

न दिसणाऱ्यांची लगेच रांग लागली. नगरसेवक मात्र मिशीच्या केसान् केसासकट उमटले होते. फोटो निघेपर्यंत महाराजांनी सगळ्यांकडून दोन मिनिटं जप करवला होता; तेवढा वेळ त्यांना हाताची खुर्ची मिळाली होती आणि बाकीच्यांना "हात जोडून डुलत राहा" असा आदेश होता, याचा विचार करायला कुणाला सवड होती?

त्या धुरकट माणसांत फोटोवाल्याची ताई होती.

फोटोवाला म्हणजे बाजारातल्या अरुंद दुकानात निळ्या पडद्यापुढे माणसं बसवून पासपोर्टचे फोटो काढणारा. ताईने शिवणकाम करून त्याला वाढवलेलं. तिला चार वर्षांपासून कंपवात होता; हात थरथरायचा, मान हलायची, पण वेळच्या वेळी गोळ्या घेऊन ती अजून ब्लाउज बेतायची. त्या फोटोनंतर तिने गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी तिला कॉटवरून उठवेना. सहाव्या दिवशी तिने शिलाई मशीन शेजारणीला देऊन टाकलं.

"ताई, वेड लागलंय का तुला? डॉक्टरांनी बजावलंय, गोळ्या एकाएकी सोडायच्या नाहीत म्हणून!"

"कशाला औषध फुकट घालवायचं?" ती शांतपणे म्हणाली. "फोटोत बघ ना, माझा चेहराच नाही. आणि फोटो खोटं बोलत नाही, असं तूच गिऱ्हाइकांना सांगतोस की."

फोटोवाल्याला ते फार लागलं. नवरदेवांच्या गालांवरचे खड्डे त्याने आयुष्यभर बुजवले होते, आणि तोंडाने मात्र हेच वाक्य. मांडवात वाटलेली त्या फोटोची प्रत घेऊन तो दुकानात बसला, भिंग लावून कोपरा न् कोपरा पाहू लागला. आणि खालच्या कोपऱ्यात त्याला कुत्रं दिसलं.

मांडवाच्या खांबाशी झोपलेलं, खरजेने अर्धे केस गेलेलं म्हातारं कुत्रं. सगळ्या फोटोत त्याच्याइतकं स्पष्ट कुणीच नव्हतं, नगरसेवकसुद्धा नाहीत.

"म्हणजे याला शंभर वर्षं मरण नाही!" फोटोवाला स्वतःशीच हसला आणि मग हसता हसता थांबला. कुत्रं झोपलं होतं. खांब हलत नाही. खुर्चीतले साहेब हलले नाहीत. हललं ते पाणी, ढग, डुलणारे भक्त आणि ताईची मान. चार बाय सहाच्या खोलीत जन्म गेल्यामुळे त्याने असली काळी काच कधी वापरली नव्हती, पण डोंगरदऱ्यांचे फोटो काढणारे वापरतात हे त्याला ठाऊक होतं. त्याने शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून मुखवट्यातली काळी काच मागून आणली आणि चिकटपट्टीने कॅमेऱ्यापुढे डकवली.

पुढच्या बैठकीला तो ताईला गाडीत घालून घेऊन गेला.

"महाराज, प्रवचन करताना तुमचा मोठा फोटो काढावा म्हणतो. फलकासाठी."

महाराज आजवर कॅमेऱ्याच्या मागेच असायचे. फलक म्हटल्यावर विरघळले. खुर्चीपुढे येरझारा घालत, हातवारे करत त्यांनी मायेवर जे तोंड सोडलं, ते दोन मिनिटांत थांबलं नाही. फोटोवाल्याने दरम्यान फोटो घेतला, कार्ड काढलं आणि त्यांच्याच पडद्यावर लावलं.

फोटो हिरवट होता, पण खणखणीत होता. मांडव होता, खुर्ची होती, तांब्या होता. महाराज नव्हते.

मग मागून एका बाईचा आवाज आला, "अगंबाई, महाराज गेले की काय?"

"गेले नाहीत, नुसते हलले!" फोटोवाला ओरडला. "ही वेल्डिंगची काच आहे. उजेड फार कमी आत सोडते, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा दोन मिनिटं उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात जे जागचं हलेल ते पुसलं जातं, स्थिर असेल ते उमटतं. पाणी मऊ दिसावं म्हणून निसर्गाचे फोटो काढणारे असाच फिल्टर लावतात. तुमच्या जपाची दोन मिनिटं म्हणजे तेवढाच वेळ!"

मग त्याने काच काढली, ताईला तळ्याकाठी बसवलं आणि क्षणात फोटो घेतला. पडद्यावर ताई आली. कपाळावरची आठी, चष्म्याची दोरी, मागे तळ्याची लाट न् लाट.

"पाखंडी आहे हा!" महाराज कडाडले. पण कडाडताना ते मांडवाच्या मागच्या बाजूला सरकत होते.

गर्दीतून एक काकू पुढे आल्या. "दादा, तुमची काच जास्त पावरफुल दिसते. आमच्या ह्यांचं किती राहिलंय, बघता का?"

फोटोवाल्याने कपाळावर हात मारला. मग काच त्यांच्याच हातात दिली. "काकू, तुम्हीच लावा, तुम्हीच बघा. एकदा ह्यांना डुलू द्या, एकदा बसवा. काच कुणाचं आयुष्य मोजत नाही हो. नवल वाटलं तर वाटू द्या, पण हात जोडायच्या आधी विचारा, हे केलं कसं? आणि जो करून बघू देत नाही, त्याच्या शब्दावर औषध सोडू नका."

ताई अजून पडद्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले आणि त्याच दमात तिला संतापही आला.

"नऊ दिवस झाले रे मला गोळी घेऊन," ती म्हणाली. "मला मरायचं नव्हतं. चल, आधी डॉक्टरकडे ने."