श्रद्धांजलीला परवानगी लागत नाही

मी माईक बोलतोय. होय, मीच. आजवर माझ्या तोंडाला तोंड लावून अर्धा आंबेगाव तालुका बोलून गेला, पण ‘बाबा रे, तुला काही म्हणायचंय का?’ असं एकानेही विचारलं नाही. आता मला कुणी कार्यक्रमाला नेत नाही. म्हटलं, रिकामा वेळ आहे तर आपलं आपणच बोलून घ्यावं.

माझा जन्म दिल्लीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. गाव सांगता येणार नाही, कारण डोक्यावर जाळी बसवल्याबरोबर मला खोक्यात घातलं गेलं. डोळे उघडले ते थेट पुण्यात, बुधवार पेठेतल्या एका दुकानात. समोर कळंबचे गेणभाऊ उभे होते. मंडप, भांडी आणि स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा त्यांनी नुकताच काढला होता. त्यांनी माझ्या डोक्यात दोन टपल्या मारल्या, तोंडावर फुंकर घातली आणि ‘हॅलो, हॅलो’ म्हणाले. ते साल एक्क्याण्णव. तेव्हापासून जो भेटला त्याने माझी ओळख अशीच करून घेतली. पाहुण्याच्या डोक्यात टपली मारून त्याच्या तोंडावर फुंकण्याची पद्धत माणसांमध्ये आणखी कुठे आहे, मला माहीत नाही.

गेणभाऊंच्या टेम्पोतून मी लग्नं केली, जत्रा केल्या, निवडणुका केल्या. माणसाचं तोंड मी इतक्या जवळून पाहिलंय की नुसत्या वासावरून सरपंच आणि ग्रामसेवक वेगळे सांगेन. एक गोष्ट पक्की कळली. ‘मी फक्त दोन शब्द बोलणार आहे’ असं म्हणणाऱ्याच्या मुठीतून सुटायला जेवणाची वेळ यावी लागते. आणि ज्याला खरोखर काही सांगायचं असतं, तो मला हातभर लांब धरतो आणि घाम पुसत बसतो.

पण आमच्या भागात माझं खरं काम दशक्रियेचं. सकाळी नदीच्या घाटावर गाव जमतं, प्रवचन होतं, पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात, आणि मग सुरू होतात श्रद्धांजलीची भाषणं. पुढाऱ्याला एक वेळ लग्न चुकवता येतं, दहावा चुकवता येत नाही. कोण आलं होतं आणि कोण आलं नव्हतं, हे लोक पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात. शिवाय श्रद्धांजलीत कुणी मध्ये बोलत नाही, कुणी उठून जात नाही, आणि तिथे दिलेला शब्द फिरवणाऱ्याला परत घाटावर तोंड दाखवता येत नाही.

या कामात चिमाजीअण्णांचा हात कुणी धरला नसता. अण्णा म्हणजे तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेचे चेअरमन. संस्थेचं कॉलेज रस्त्याला लागूनच होतं. अण्णा रोज सकाळी दोन-तीन घाट उरकायचे. पांढरे कपडे, टोपी, उघड्या जीपमधून उतरायचं, फोटोपुढे डोळे मिटायचे, फूल वाहायचं आणि मला हातात घ्यायचं. ‘कोण गेलं?’ हे ते सहसा विचारत नसत. त्यांचं भाषण कुणालाही बसायचं. ‘यांच्या जाण्याने फार मोठी पोकळी निर्माण झाली’ इथून ते निघायचे आणि ‘यांच्या मागे राहिलेल्या लेकरांना मी वाऱ्यावर सोडणार नाही, हा चिमाजीचा शब्द आहे’ इथे थांबायचे. मला ते इतकं पाठ होतं की अण्णांचा घसा बसला असता तर मी एकट्याने निभावून नेलं असतं.

आता त्या वर्षाची गोष्ट सांगतो. सत्त्याण्णव सालची.

एके संध्याकाळी दोन मुली गेणभाऊंच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी तिथेच वायर गुंडाळून पडलो होतो. एक होती आमच्याच कळंबच्या भागुजींची प्रज्ञा. दुसरी इंद्रायणी, पार वर डोंगरातल्या आहुप्याची. दोघी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला.

“गेणकाका, उंद्याच्याला माईक पायजे,” प्रज्ञा म्हणाली.

“कशाला गं?”

“कॉलेजात श्रद्धांजली हाय.”

“आरारा. कोण गेलं?”

“मुलींचं वसतिगृह.”

गेणभाऊ तंबाखू मळता मळता थांबले. मग प्रज्ञाने सगळं सांगितलं. कॉलेजच्या दारालगत दोन खोल्या होत्या. त्यांत डोंगरातल्या मुली राहायच्या. त्या महिन्यात संस्थेने ठराव केला की चेअरमनसाहेब कॉलेजवर येतात तेव्हा त्यांना पाठ टेकायला जागा नाही. अण्णा वर्षातून दोनदा यायचे, एकदा झेंड्याला आणि एकदा स्नेहसंमेलनाला. तेवढ्यासाठी मुलींच्या पेट्या व्हरांड्यात निघाल्या आणि आत पलंग आला.

“मंग तू काय करणार?” गेणभाऊंनी इंद्रायणीला विचारलं.

“घरी जायाचं. आमच्याकडनं रोज येणं-जाणं व्हत न्हाई, काका. येस्टी येती कवा आन् जाती कवा. बा म्हनला, जागा आसंल तर शीक, न्हाईतर पाव्हणं बघून ठिवल्यात.” एवढं बोलून ती माझ्या वायरीकडे बघत राहिली.

मुलींनी आधी सरळ मार्गाने जाऊन पाहिलं होतं. फाटकाशी उभं राहून ‘खोल्या परत द्या’ म्हणून घोषणा दिल्या होत्या. त्याचं फळ दुसऱ्या दिवशी फलकावर लागलं. प्राचार्य औटी सर मुळात वाईट माणूस नव्हते. आवाज झाला की ते घाबरून फलकावर काहीतरी लावायचे, एवढंच. त्यांनी नियम काढले. आवारात पाचापेक्षा जास्त विद्यार्थ्यांनी एकत्र उभं राहायचं नाही. त्या दिवशी कबड्डीचा संघ मैदानावर दोन तुकड्यांत उभा राहिला. सभा घ्यायची तर आठवडाभर आधी अर्ज, सोबत भाषण लिहून, आणि भाषण विधायक हवं. सभेची जागा एकच. सायकल स्टँडच्या मागे एक ओटा बांधला होता आणि त्यावर ‘मुक्त विचारपीठ’ असं रंगवलं होतं. शेजारीच बोअरची मोटार. ती कॉलेजच्या वेळेत चालू असायची, त्यामुळे विचार कितीही मुक्त असला तरी बोलणाऱ्यालासुद्धा ऐकू जायचा नाही. आणि मला, म्हणजे माईकला, आवारात बंदी.

फक्त सत्कार, जयंती, पुण्यतिथी आणि श्रद्धांजली यांना परवानगी लागणार नव्हती आणि माईकही चालणार होता. ती सूट ठेवणं भाग होतं, नाहीतर संस्थेचं कामकाज आठ दिवसांत बंद पडलं असतं.

“नियमात लिवलंय, काका. तुमी येऊन वाचा पायजे तर,” प्रज्ञा म्हणाली.

“मला कशाला वाचायला लावती. फकस्त फोटो आन् हार झ्याक लावा. उंद्या कुणी अंगावर आलं तर मला म्हणता आलं पायजे, मी फोटो बघितला, हार बघितला, म्हनून माईक दिला.” गेणभाऊ धाडसी नव्हते, पण श्रद्धांजलीला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात टेबल मांडलं. त्यावर फ्रेममधला फोटो. फोटोत दोन खोल्या, एक दार आणि दोरीवर वाळत घातलेली ओढणी अगदी स्वच्छ दिसत होती. वर झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. सगळं कॉलेज माना खाली घालून जमलं. पाचापेक्षा बरेच जास्त होते. प्रज्ञाने मला हातात घेतलं आणि सांगायला लागली की कैलासवासी वसतिगृह स्वभावाने शांत होतं, पावसाळ्यात थोडं गळायचं, पण कुणा मुलीला त्याने कधी बाहेर काढलं नाही.

औटी सर ऑफिसातून धावत आले. “बंद करा. आधी हे बंद करा.”

प्रज्ञा तितक्याच शांतपणे म्हणाली, “आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहूया.”

आणि औटी सर थांबले. उचललेला हात खाली आला, मान खाली गेली, डोळे मिटले. जन्मभराची सवय. रागाने नाकपुड्या फुलल्या होत्या, पण माणूस हलला नाही. त्या शांततेत फाटकातून जीप आत आली.

अण्णांना सकाळी घाटावर कुणीतरी सांगितलं होतं, ‘तुमच्या कॉलेजात आज श्रद्धांजली दिसती.’ आपल्याच कॉलेजात श्रद्धांजली आणि आपणच नाही, असं होऊन कसं चालेल? ते तिसऱ्या दशक्रियेवरून थेट आले होते. पायताण काढलं, टेबलाशी गेले, डोळे मिटले, फूल वाहिलं. अण्णा फोटो बघत नसत, फोटोपुढे डोळे मिटत असत. मग सवयीने हात पुढे आला. प्रज्ञाने क्षणभर विचार केला आणि मला त्यांच्या हातात दिलं.

“यांच्या जाण्याने,” अण्णा म्हणाले, “फार मोठी पोकळी निर्माण झाली.”

माझ्या तारेतून शिरशिरी गेली. औटी सरांनी अण्णांची बाही ओढली. अण्णांनी ती सोडवली आणि माझ्यातूनच त्यांना म्हणाले, “थांबा सर, दुखवट्याच्या जागी गडबड करू नये.” मग ते रंगात आले. गेलेल्या जिवाने किती सोसलं, स्वतःसाठी काही ठेवलं नाही, दुसऱ्याला आसरा दिला, आणि आता त्या लेकरांना कोण आहे? बोलता बोलता त्यांचे डोळे खरोखर भरून आले. त्यात नाटक नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन, मला छाती असती तर. “यांच्या मागं राहिलेल्या लेकरांना मी वाऱ्यावर सोडणार नाही. त्यांची जागा त्यांना मिळेल. हा चिमाजीचा शब्द आहे.”

श्रद्धांजलीत टाळ्या वाजवायच्या नसतात. कुणीच वाजवल्या नाहीत. मुलं ओठ आवळून जमिनीकडे बघत होती. इंद्रायणी पुढे झाली आणि अण्णांच्या पाया पडली. “अण्णा, पेट्या आजच आत घेऊ का?”

तेव्हा अण्णांनी फोटो पाहिला. त्यांच्या मुठीला आलेला घाम मला अजून आठवतो. पण माझा आवाज ऐकून रस्त्यावरून आत आलेली गावातली माणसं व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी होती, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मंचरच्या बाजारात पोहोचणार होती. अण्णांनी टोपी सरळ केली. “घ्या की,” ते म्हणाले. “त्यासाठीच तर आलो.”

मुली आत गेल्या. इंद्रायणीचे पाहुणे लांबणीवर पडले. तुम्हाला वाटेल, झालं, संपली गोष्ट. तुम्ही आमच्या संस्था पाहिलेल्या नाहीत.

पंधरवड्यात खोल्यांना चुना लागला, वर ‘चिमाजीअण्णा मुलींचे वसतिगृह’ अशी पाटी चढली आणि उद्घाटनाचा मोठा कार्यक्रम ठरला. फलकावरचा नियमही सुधारला. यापुढे श्रद्धांजलीलासुद्धा परवानगी लागेल आणि मृत ही मनुष्यव्यक्ती असल्याचा दाखला जोडावा लागेल. कार्यक्रमाला मी होतोच. सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. अण्णा म्हणाले, मुलींचा आक्रोश माझ्या कानी आला आणि मला राहवलं नाही. मग सगळ्यात शेवटी, लोक चपला शोधायला लागले तेव्हा, आभार मानायला इंद्रायणीला उभं केलं. भाषण औटी सरांनी लिहून दिलं होतं.

तिने कागद पाहिला आणि घडी घातली. मला तिने हातभर लांब धरलं होतं.

“सरांनी चांगलं लिवलंय,” ती म्हणाली. “पर मला आभार मानायचे न्हाईत. खोल्या आमच्याच व्हत्या. आमच्या आमाला परत दिल्या, त्यात आभार कसले?”

औटी सरांनी गेणभाऊंकडे पाहिलं. गेणभाऊंनी माझा आवाज वाढवणाऱ्या मशिनकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात याच संस्थेच्या कार्यक्रमाचा मंडप त्यांच्याकडे होता. त्यांनी बटण फिरवलं.

मी मेलो. ती बोलत होती, तिचा श्वास माझ्या जाळीवर येत होता, पण पुढे काही जात नव्हतं. कुणीतरी मनापासून काही सांगत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी उपयोगाचा नव्हतो. मला फार वाईट वाटलं.

तिला ते कळलं. लोक चिडले की मला आपटतात. तिने मला हळूच टेबलावर ठेवलं. डोंगरात या सोंडेवरून त्या सोंडेवर हाक मारायची तर मध्ये अख्खी दरी असते, तिथे गेणभाऊंचं मशिन नसतं. तिने छातीभर श्वास घेतला.

“तवा आमाला बोलायचं व्हतं तर खोल्या मेल्या म्हनावं लागलं,” ती म्हणाली, आणि तो आवाज मैदान ओलांडून रस्त्यापर्यंत गेला. चपला शोधणारे जागीच थांबले. “उंद्या दुसऱ्या कुणाला बोलायचं आसंल. त्याला मढं शोधायला लावू नका. तेवढा नेम काढून टाका.”

औटी सर अजून गेणभाऊंना खुणा करत होते. गेणभाऊंनी दोन्ही हात वर करून दाखवले. बंद करायला आता काही उरलं नव्हतं.

नियम फलकावरून कुणी काढला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मुलं व्हरांड्यात दहा-वीसच्या घोळक्याने उभी राहू लागली आणि कुणी मोजायला आलं नाही. इंद्रायणी बी.ए. झाली, आता वर डोंगरातच शाळेवर आहे. गेणभाऊंनी बिनवायरचे माईक आणले आणि मला कोठीत, पातेल्यांच्या मागे ठेवलं. जाळीला गंज चढलाय. माझी तक्रार नाही, भरपूर बोललो, बहुतेक फुकट बोललो. आता तुमचा निरोप घेतो. एकच विनंती करतो. कुणी बोलायला उभं राहिलं आणि माझ्यासारखा कुणी हाताशी नसला, तर त्याला खाली बसवू नका. जरा गप्प बसा. येतं ऐकू.